मुका हवा की बोलका? लर्चरच्या रक्तातला हाऊंड

लर्चर म्हणजे ग्रेहाऊंडसारख्या, नजरेवर धावणाऱ्या वेगवान कुत्र्याचा दुसऱ्या कामाच्या कुत्र्याशी केलेला संकर. त्यात वासावर चालणाऱ्या हाऊंडचं, म्हणजे शिकारी कुत्र्याचं, रक्त घालावं की नाही, यावर ब्रिटन आणि आयर्लंडमधले कुत्रेवाले आजही हमरीतुमरीवर येतात. ग्रेहाऊंडचा वेग, हाऊंडचं नाक आणि दिवसभर न थकणारी छाती एका कातडीत आली, तर झुडपातून सावज उठवणारा, उघड्यावर ते पकडणारा आणि जखमी हरणाचा माग काढणारा एकच कुत्रा पुरेल, असा हिशोब. कागदावर तो सरळ आहे. रानात का बिघडतो, हे कळायला कुत्र्यांच्या वंशावळीपेक्षा तिथल्या शिकारीच्या कायद्यांचा इतिहास जास्त उपयोगी पडतो.

आधी शब्दांचा गुंता, कारण अर्धा वाद तिथेच आहे. ग्रेहाऊंडच्या नावातच ‘हाऊंड’ आहे. पण लर्चरवाला ‘हाऊंड क्रॉस’ म्हणतो तेव्हा ग्रेहाऊंड, व्हिपेट, सलुकी, डीअरहाऊंड यांपैकी एकही त्याच्या मनात नसतो. त्याला अभिप्रेत असतात फॉक्सहाऊंड, हॅरिअर, बीगल, क्वचित ब्लडहाऊंड, म्हणजे नाक जमिनीला लावून माग काढणारे. ब्रिटनमधली अधिकृत वर्गवारी नजरेवर धावणारे आणि वासावर चालणारे या दोघांना एकाच हाऊंड गटात ठेवते. युरोपातली आंतरराष्ट्रीय वर्गवारी त्यांना वेगळं काढते: वासावरचे सहाव्या गटात, नजरेवरचे दहाव्यात. कामाच्या दृष्टीने दुसरी वाटणी खरी.

‘लर्चर’ आणि ‘लाँगडॉग’ या शब्दांची तर आणखी ओढाताण होते. जुन्या लोकांचा नियम कडक आहे. नजरेवर धावणाऱ्या दोन जातींचा संकर, उदाहरणार्थ ग्रेहाऊंड आणि सलुकी, तो लाँगडॉग. त्यात मेंढ्या वळवणारा कोली, बिळात घुसणारा टेरिअर, हाऊंड किंवा बंदुकीने पाडलेलं सावज आणणारा कुत्रा, असं दुसऱ्या कामाचं रक्त आलं, तरच लर्चर. या हिशोबाने आपल्याकडे कारवानी कुत्रीला ग्रेहाऊंड लावून काढलेली पिल्लं लर्चर नव्हेत, लाँगडॉग. (आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद असल्याने हा फरक नावापुरताच उरतो.) विकणारे मात्र लांब पायांच्या कुठल्याही मिश्र कुत्र्याला लर्चर म्हणतात आणि घेणारा कोलीच्या अकलेची अपेक्षा धरून सलुकीचा हट्ट घरी आणतो.

‘लर्चर’ हा शब्द आला कुठून? जिप्सींच्या रोमानी भाषेतल्या चोरीच्या ‘लुर’ या शब्दावरून, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती ऐकायला छान आहे, पण गरज नसलेली आहे. दबा धरून रेंगाळणं या अर्थाचं इंग्रजी क्रियापद पंधराव्या शतकातलं आहे आणि सोळाव्या शतकात ‘लर्चर’ म्हणजे भुरटा चोर. कुत्र्याला ते नाव सतराव्या शतकात चिकटलं. शिवाय रोमानीत चोराला सरळ ‘चोर’च म्हणतात, मराठी वाचकाला शब्दकोश उघडावा लागत नाही. या दंतकथेने एक नुकसान केलं. लर्चर ही जिप्सींनी जपलेली एखादी प्राचीन जात आहे असा समज पसरला. प्रत्यक्षात ती कधीच जात नव्हती. तो एक कामाचा साचा होता आणि काम बदललं की त्यातलं रक्त बदलत गेलं.

ते काम ठरवलं कायद्याने. इंग्लंडमध्ये 1217 च्या वनसनदेने राजाच्या जंगलहद्दीत कुत्रा पाळणाऱ्याला त्याच्या पुढच्या पंजाची तीन नखं छाटून घ्यायला लावली. दर तीन वर्षांनी तपासणी होई आणि न छाटलेल्या कुत्र्यामागे तीन शिलिंग दंड. 1389 च्या कायद्याने वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या सामान्य माणसाला ग्रेहाऊंड ठेवायची बंदी केली. 1671 मध्ये ती पट्टी वर्षाला शंभर पौंडांवर गेली, आणि रखवालदारांना जप्तीचा अधिकार मिळालेल्या वस्तूंच्या यादीत बंदुका, ग्रेहाऊंड, फेरेट (बिळात सोडायचं मुंगसासारखं छोटं जनावर) आणि जाळ्यांसोबत ‘लर्चर’ हा शब्द स्वतंत्रपणे आला. मालमत्तेची ही अट 1831 पर्यंत टिकली. म्हणजे दीड शतकाहून अधिक काळ तेवढी मालमत्ता नसलेल्या माणसाकडचा लर्चर हा बेकायदा कुत्रा होता.

आता चोरून शिकार करणाऱ्या त्या माणसाला काय हवं होतं ते पाहा. मराठीत दोन्हींना आपण ससाच म्हणतो, पण तिथे रॅबिट बिळात गटाने राहतो आणि रानससा उघड्यावर एकटा. रॅबिटसाठी वाऱ्याच्या रात्री, चरणारे प्राणी आणि त्यांची बिळं यांच्यामध्ये पन्नास ते शंभर यार्डांचं लांब जाळं लावायचं. रानसशासाठी शेताच्या फाटकाला जाळं बांधायचं, कारण उठलेला रानससा सवयीची वाट धरतो. कुत्र्याने अंधारात लांबून वळसा घालून सावज जाळ्याकडे हाकायचं. यात नाक लागतं, कारण दिसत काहीच नाही. संयम लागतो. आणि सगळ्यात आधी लागतं मौन. एक भुंकणं ऐकू आलं की रॅबिट बिळात आणि रखवालदार दारात.

हाऊंड नेमका इथे मार खातो. मागावर ओरडत जाणं हा त्याचा दोष नाही, तीच त्याची लायकी. टोळीतल्या इतर कुत्र्यांना आणि मागून येणाऱ्या घोडेस्वारांना माग कुठे चालला आहे ते आवाजावरूनच कळतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बोलक्या कुत्र्यांचीच निवड झाली. 1929 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संकर-अभ्यासात मागावर भुंकण्याचा हा गुण मुकेपणावर मात करणारा निघाला. एकाच जनुकाचा खेळ म्हणून त्याकडे पाहता येत नाही, पण पैदास करणाऱ्यांचा अनुभव त्याच बाजूचा आहे: पहिल्या संकरातली बहुतेक पिल्लं बोलतात. कोली मात्र मेंढ्या वळवताना गप्प असतो, शिट्टीवर थांबतो आणि नाकही वापरतो. बेडलिंग्टन टेरिअर झुडपात घुसतो. लर्चरच्या घडणीत हेच दोघे वरचढ ठरले ते त्यांच्या नाकामुळे नव्हे, तोंड बंद ठेवण्यामुळे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

दुसरीकडे कायद्याच्या आत असलेले लोक वेगळेच प्रयोग करत होते. 1776 मध्ये नॉरफॉकमधल्या स्वॉफम इथे कोर्सिंगचा, म्हणजे रानसशामागे ग्रेहाऊंड सोडण्याच्या खेळाचा, पहिला क्लब काढणाऱ्या उमरावाने ग्रेहाऊंडमध्ये चक्क बुलडॉग घातला, जिद्द यावी म्हणून. पुढच्या प्रत्येक पिढीत परत ग्रेहाऊंडच, असं सहा-सात पिढ्या. यावरून आजही दोन तट आहेत. हिशोब केला तर पहिल्या संकरात निम्मं असलेलं बुलडॉगचं रक्त सातव्या पिढीत 128 वा भाग, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी उरतं. मग जिद्द टिकली कशी? दर पिढीला हवा तो गुण दिसणारं पिल्लूच पुढे ठेवलं तर टिकते, नुसत्या टक्केवारीने टिकत नाही. हाऊंडचं नाक आणायचं तर हेच सूत्र लागू पडतं. अडचण एवढीच की नाक निवडताना आवाजही निवडला जातो.

फॉक्सहाऊंड म्हणजे कुठला फॉक्सहाऊंड, हाही प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रदर्शनांच्या नादात इंग्लिश फॉक्सहाऊंडची हाडं जाड होत गेली, पंजा मांजरासारखा गोल आणि पुढच्या मनगटाचा सांधा पुढे झुकलेला. पुढे वेल्श रक्त घालून तो जडपणा उतरवावा लागला आणि त्यावरही त्या वर्तुळात बरीच भांडणं झाली. लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरातले फेल हाऊंड मात्र हलके आणि सशासारख्या लांबट पंजाचेच राहिले, कारण त्यांना कडेकपारीत पायी जाणाऱ्या माणसांबरोबर काम करायचं होतं. लर्चरसाठी घ्यायचाच तर असा हलका हाऊंड किंवा हॅरिअर घ्यावा. जड फॉक्सहाऊंडचं पिल्लू उतारावरून वेगात वळताना आपल्याच वजनाने बोटं आणि मनगट मोडून घेतं.

विसाव्या शतकात गणित झपाट्याने बदललं. 1926 मध्ये मँचेस्टरला यांत्रिक सशामागची ग्रेहाऊंड शर्यत सुरू झाली आणि निवृत्त ग्रेहाऊंड कुत्र्या साध्या माणसालाही मिळू लागल्या. मोटारीची बॅटरी आणि हातातला प्रखर दिवा आल्यावर रात्री दिव्याच्या झोतात रॅबिट पकडणं रूढ झालं. तिथे नाकाचं काम जवळजवळ नाहीच, वेग आणि परत येणं एवढंच पुरतं. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस या साथीच्या रोगाने रॅबिट साफ केले तेव्हा कित्येकांचे कुत्रे बेकार झाले. रोगाला तोंड देणारे रॅबिट वाढत गेले तशी लर्चरची मागणीही परतली. तीन भाग ग्रेहाऊंड आणि एक भाग कोली हा नमुना याच काळात लोकप्रिय झाला.

मोठा फरक पाडला शिकारीवरच्या 2004 च्या कायद्याने, जो इंग्लंड-वेल्समध्ये 18 फेब्रुवारी 2005 पासून लागू झाला. रानससा, कोल्हा आणि हरीण यांचा कुत्र्यांनी पाठलाग बंद झाला. जमीनमालकाच्या परवानगीने रॅबिट आणि उंदीर चालतात. गोळी लागलेला रानससा शोधून आणणं चालतं. जखमी जनावराचा त्रास संपवण्यासाठी, ठरावीक अटी पाळून, जास्तीत जास्त दोन कुत्रे वापरता येतात. पैदास करणारे ही यादी वाचतात तेव्हा त्यांना दिसतं की कायद्याने वेगाला बांधलं, नाकाला जागा ठेवली. रात्री लपायचं नाही, परवानगीचा कागद खिशात आहे, तर कुत्रा बोलला म्हणून बिघडलं काय? उलट दाट काटेरी झुडपात तो कुठे आहे ते कळतं. हाऊंडचा पुन्हा विचार होतो तो इथून. दिव्यावर काम करणारे मात्र अजूनही बोलका कुत्रा फुकट दिला तरी घेणार नाहीत.

प्रत्यक्ष पैदाशीत नर हाऊंड आणि मादी ग्रेहाऊंड ही जोडी सोयीची, कारण टोळीवाले चांगली हाऊंड कुत्री सहसा देत नाहीत. पहिल्या पिढीची पिल्लं बऱ्यापैकी एकसारखी निघतात: खांद्याला 25 ते 27 इंच, दणकट, मैत्रीपूर्ण, पण वळायला मंद. खरा दोष उघड्यावर कळतो. सावज झपकन वळलं आणि क्षणभर नजरेआड झालं की ग्रेहाऊंड मान वर करून शोधतो, हा संकर मान खाली घालून माग धरतो. तोवर पन्नास पावलं गेली. मग तो त्या मागावर मैलभर जातो, रस्ता ओलांडतो, दुसऱ्याच्या जमिनीत शिरतो. संकरातले कुत्रे गाडीखाली येतात ते बहुधा असे.

म्हणून पहिल्या पिढीतल्या मादीला परत ग्रेहाऊंड किंवा व्हिपेट लावून हाऊंडचं रक्त पावावर आणतात. काही जण निम्मं आणि पाव यांचा मेळ घालून तीन अष्टमांश धरतात. इथे पिल्लं एकसारखी राहत नाहीत. एकाच वेतात एक गप्प ग्रेहाऊंड आणि एक ओरडणारा जड हाऊंड निघतो, म्हणून दोनच पिल्लं ठेवून बाकी विकणारा माणूस जुगार खेळत असतो. निम्म्याला निम्मं लावणं तर टाळावंच. गुण सर्वांत जास्त विस्कटतात ते तिथे. आठ आठवड्यांच्या पिल्लावरून आवाजाचा अंदाज येत नाही. साधारण पाच ते आठ महिन्यांत पहिला ताजा माग लागला की कळतं. रॅबिटच्या कामाला 21 ते 23 इंच पुरतात. सगळ्या कामाच्या कुत्र्याला 24 ते 26.

शिकवण्याचा क्रमही उलटा ठेवावा लागतो. कोलीच्या संकराला आधी रानात नेऊन मग शिट्टी पक्की केली तरी जमतं. हाऊंडच्या संकराला नाही. दोन महिन्यांपासून जेवणाबरोबर शिट्टी, चौथ्या-पाचव्या महिन्यात लांब दोरीवर थांबणं, मेंढ्यांकडे दुर्लक्ष करणं आणि त्यानंतरच ताजा वास. एकदा मागावर जाण्याची चव लागली की शिट्टी ऐकू येत नाही. पूर्ण वेगात पळवायला वर्ष तरी थांबावं. हाऊंडचं रक्त उशिरा पिकतं, दीड-दोन वर्षांपर्यंत हाडं भरत राहतात.

पशुवैद्याकडे नेताना मात्र संकरात काय काय आहे ते आठवून सांगावं लागतं. ग्रेहाऊंड बाजूमुळे थायोपेंटॉनसारख्या भुलीतून कुत्रा फार उशिरा शुद्धीवर येऊ शकतो. मागे कुठे कोली असेल तर आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध मोठ्या मात्रेत देण्यापूर्वी, ते सोसेल की नाही हे सांगणारी एमडीआर-1 ची जनुकचाचणी करून घ्यावी. हाऊंड बाजूचे लोंबते कान काटेरी झुडपातून फाटून येतात आणि ग्रेहाऊंडची पातळ कातडी तारेवर उलगडते; दोन्ही एकाच कुत्र्यात आले की टाके घालण्याची पेटी गाडीत ठेवायची सवय आपोआप लागते.