अप! (शनाया ट्वेन यांचा अल्बम) आणि श्रोत्यांची मते

अप! हा कॅनडाच्या कंट्री-पॉप (अमेरिकेचे ग्रामीण वळणाचे ‘कंट्री’ संगीत आणि पॉप यांचा मिलाफ) गायिका शनाया ट्वेन यांचा चौथा स्टुडिओ अल्बम. मर्क्युरी नॅशव्हिल या कंपनीने तो नोव्हेंबर २००२ मध्ये बाजारात आणला. त्यातली १९ गाणी तीन निरनिराळ्या साजांत तयार झाली आणि प्रत्येक साजाला एक रंग मिळाला. लाल सीडी पॉपची, हिरवी कंट्रीची आणि निळी हिंदी चित्रपटसंगीताच्या ढंगाची. अमेरिका व कॅनडात लाल-हिरवी जोडी विकली गेली, इतर देशांत प्रामुख्याने लाल-निळी. तिन्हींत चाली त्याच, शब्द तेच, आवाजही बहुतांशी तोच. बदलली ती साथसंगत. म्हणून या अल्बमबद्दल कोणाचे मत ऐकायचे तर ‘कुठल्या रंगाबद्दल बोलताय?’ हे आधी विचारावे लागते. एका खंडातल्या श्रोत्याने हिरवी सीडी ऐकलेली असते, तर दुसऱ्या खंडातल्या श्रोत्याला ती बहुधा ठाऊकही नसते.

पार्श्वभूमी

ट्वेन यांचा जन्म १९६५ मध्ये ऑन्टारिओ प्रांतातल्या विंडसरचा. बालपण गेले त्याच प्रांताच्या उत्तरेला, टिमिन्स या खाणींच्या गावी. १९८७ मध्ये आई आणि सावत्र वडील मोटार अपघातात गेले. धाकट्या भावंडांची जबाबदारी अंगावर आली आणि त्या हंट्सव्हिलजवळच्या एका रिसॉर्टमध्ये गाऊ लागल्या. १९९३ चा पहिला अल्बम फारसा चालला नाही. पण त्यामुळे रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. लँग हे एसी/डीसी आणि डेफ लेपर्ड या हार्ड रॉक बँडचे निर्माते. कंट्रीशी त्यांचा तोवर फारसा संबंध नव्हता. वर्षअखेर दोघांचे लग्न झाले आणि पुढची गाणी दोघांनी मिळून रचली.

१९९५ च्या ‘द वुमन इन मी’नंतर १९९७ मध्ये ‘कम ऑन ओव्हर’ आला. त्यातल्या १६ गाण्यांपैकी १२ गाणी एकेक करून सिंगल म्हणून, म्हणजे सुटी, निघाली, आणि एकट्या अमेरिकेत त्याला २ कोटी प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट महत्त्वाची. १९९८ मध्ये युरोपसाठी त्याच अल्बमची वेगळी आवृत्ती काढताना फिडल (लोकसंगीताच्या ढंगाने वाजवलेले व्हायोलिन) आणि स्टील गिटार ही कंट्रीची खास वाद्ये मागे ढकलून पॉपचा साज पुढे आणला गेला. म्हणजे ‘अप!’ची तीन रंगांची कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. आधी जे गुपचूप केले, तेच या वेळी वेष्टनावर रंगवून मांडले.

‘हे कंट्री नव्हेच’

ट्वेन यांचे गाणे कंट्री नसून पॉपच आहे, ही तक्रार त्यांच्यापेक्षा पुष्कळ जुनी. १९५० च्या दशकाअखेरीस चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल आणि बँजो बाजूला सारून व्हायोलिनचे ताफे आणि कोरस आणले, तेव्हाही ती झाली. १९७४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने सर्वोत्तम गायिकेचा पुरस्कार पॉपकडे झुकलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉन यांना दिला, तेव्हा चिडलेल्या कलावंतांनी वेगळी संघटनाच काढली. पुढच्याच वर्षी याच पुरस्कारांच्या व्यासपीठावर कंट्री गायक चार्ली रिच यांनी विजेत्या, तशाच पॉपकडे झुकलेल्या जॉन डेन्व्हर यांचे नाव असलेला कागद लायटरने पेटवला. १९९९ मध्ये याच संस्थेचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा सर्वोच्च पुरस्कार ट्वेन यांना मिळाला. त्यानंतर वर्षभरातच जॉर्ज स्ट्रेट आणि अ‍ॅलन जॅक्सन या दोन दिग्गजांनी, कंट्रीची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिलच्या धंदेवाल्यांनी पारंपरिक कंट्रीचा खून केला असे सांगणारे द्वंद्वगीत गायले. त्यात दोषी म्हणून कोणाचे नाव नाही. श्रोत्यांनी मात्र नावे आपापल्या मनाने भरली.

ट्वेन यांच्यावरचे आक्षेप तीन प्रकारचे होते आणि लोक त्यांची सरमिसळ करीत. एक संगीताचा: लँग यांचे दणदणीत ड्रम, एकावर एक चढवलेले कोरसचे थर. दुसरा पेहरावाचा, म्हणजे बेंबी दिसणाऱ्या कपड्यांचा. त्यात संगीतापेक्षा सोवळेपणाच अधिक होता. तिसरा असा, की १९९८ पर्यंत त्यांनी मोठा दौराच केला नव्हता, तेव्हा हा आवाज स्टुडिओतल्या करामतीचा असणार. हा शेवटचा आक्षेप १९९८-९९ च्या दौऱ्याने बराचसा मोडीत काढला. पहिला मात्र शिल्लक राहिला, आणि हिरवी सीडी हे त्याला दिलेले उत्तर होते.

हिरवी आणि लाल

हिरव्या सीडीत फिडल, मँडोलिन, बँजो, पेडल स्टील गिटार अशी सगळी वाद्ये हजर आहेत. ज्यांना ट्वेन आवडतच होत्या त्यांच्यातले बरेच जण आजही ‘खरी सीडी हिरवीच’ असे म्हणतात. लालमधले सिंथेसायझर जुने झाले, फिडल जुने होत नाही, हा त्यांचा मुद्दा. पण ज्यांची समजूत काढायची होती ते बधले नाहीत. पॉप गाण्यावर वरून फिडल चिकटवले आहे, असे त्यांचे म्हणणे पडले.

वेळही अवघड होती. २००२ च्या सुरुवातीला ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटाच्या जुन्या वळणाच्या संगीताला ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला होता, आणि ऑगस्टमध्ये डिक्सी चिक्स या त्रयीने ड्रमला हात न लावता ‘होम’ काढला होता. कंट्रीच्या श्रोत्याचा कान त्या वर्षी मोकळ्या, बिनविजेच्या वाद्यांवर लागलेला होता. हिरव्या सीडीत बँजो होता खरा, पण त्याच्याखाली लँग यांचा ड्रम तसाच वाजत होता.

या आक्षेपात तथ्य आहे, फक्त ते वाद्यांपुरते नाही. पारंपरिक कंट्री गाण्याचा भार कडव्यांवर असतो: कोणाचे तरी घर, कोणाची तरी दारू, एखाद्या गावाचे नाव, आणि धृपद त्या गोष्टीचा निष्कर्ष म्हणून येते. ट्वेन-लँग यांचे गाणे उलट्या दिशेने बांधलेले आहे. आधी धृपद, तेही पहिल्या ऐकण्यात तोंडात बसेल असे, आणि कडवी म्हणजे तिथवर पोचण्याची वाट. ही बांधणी साथ बदलून बदलत नाही. एकच अभंग वारकऱ्यांच्या चालीत आणि मैफलीत वेगळा वाटतो, कारण तिथे चाल आणि लयच बदललेली असते. इथे चालीला कोणी हात लावलेला नाही. जिथे गाणे मुळातच संथ आणि दुखरे आहे, उदाहरणार्थ अल्बमच्या पूर्वार्धातले विरहगीत ‘इट ओन्ली हर्ट्स व्हेन आय’म ब्रीदिंग’, तिथे स्टील गिटार खरोखर काही भर घालते. ‘फॉरएव्हर अँड फॉर ऑलवेज’लाही हिरवा साज शोभतो. हे गाणे अमेरिकेच्या कंट्री यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले, ते उगाच नव्हे.

लाल सीडीबद्दलची मते साधी आहेत. पॉपच्या श्रोत्यांनी ती मजेने ऐकली आणि तक्रार केली ती लांबीची: १९ गाणी, सव्वा तासाच्या आसपास, बहुतेक सगळी टवटवीत. जवळजवळ निम्म्या गाण्यांच्या नावात उद्गारचिन्ह आहे, यावरून सूर कळावा. उधळपट्टीची टर उडवणारे ‘का-चिंग!’ युरोपात चांगले गाजले. अमेरिकेत ते सिंगल म्हणून काढलेच नाही.

निळी सीडी

निळा साज बर्मिंगहॅमच्या सायमन आणि डायमंड दुग्गल या भावांनी चढवला. लँग यांनी आधी त्यांना पॉप आवृत्तीत काही जागा भरण्यासाठी बोलावले होते. व्हायोलिनचे ताफे आणि तालवाद्ये यांचे ध्वनिमुद्रण मुंबईत झाले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात असे ताफे उभे करण्याची परंपरा मुख्यतः गोव्याच्या वादक-संयोजकांनी घडवलेली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली नावे मराठी रसिकांना अपरिचित नाहीत. टिमिन्सच्या मुलीचे गाणे त्या घराण्याच्या साथीला येऊन बसावे, हा योग गमतीचा आहे, आणि अल्बमवरच्या चर्चेत त्याची दखल फार कमी घेतली गेली.

काळ अनुकूल होता. पंजाबी एमसी यांचे भांगडा गीत त्याच सुमारास युरोपातल्या याद्यांमध्ये चढत होते आणि लंडनच्या वेस्ट एंडमध्ये ए. आर. रहमान यांच्या संगीताची ‘बॉम्बे ड्रीम्स’ ही संगीतिका जून २००२ पासून चालू होती. त्यामुळे काहींनी निळी सीडी ही हंगामी फॅशन मानून बाजूला ठेवली. काहींना तिन्हींत तीच सर्वांत ताजी वाटली, आणि या मतात दम आहे. कंट्री की पॉप या जुन्या भांडणाचे ओझे तिच्यावर नाही, आणि फिल्मी गाण्यालाही ठसठशीत धृपद आणि भरघोस व्हायोलिन यांचे वावडे नाही. ट्वेन-लँग यांच्या बांधणीला हा साज हिरव्यापेक्षा जवळचा आहे. भारतीय कानाला मात्र एक खटकते. ताल आपला, पण गायिका त्याच्यावर झुलत नाही. हरकत नाही, मुरकी नाही. आवाज लाल सीडीतल्या सरळ ठोक्यावरच चालतो.

विक्री आणि तिचा अर्थ

अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ८,७४,००० प्रती खपल्या आणि बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या मुख्य अल्बम यादीत ‘अप!’ थेट पहिल्या क्रमांकावर आला. ‘कम ऑन ओव्हर’ला, एवढा प्रचंड खप होऊनही, हे कधीच साधले नव्हते, तो दुसऱ्या क्रमांकावरच थांबला होता. पुढे ‘अप!’ला १ कोटी १० लाखांचे प्रमाणपत्र मिळाले आणि सलग तीन डायमंड (१ कोटी किंवा अधिक प्रतींचे प्रमाणपत्र मिळालेले) अल्बम ट्वेन यांच्या नावावर लागले. त्यात मेख अशी, की दोन सीडींच्या संचातली प्रत्येक सीडी स्वतंत्र मोजली जाते. म्हणजे संच साधारण ५५ लाख. चाहते पहिला आकडा सांगतात, टीका करणारे दुसरा. दोघेही खरे बोलतात.

रेडिओवर हवा तेवढा जोर नव्हता. पहिले सिंगल, ‘आय’म गॉना गेच्चा गुड!’, ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेले, पण अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत पहिल्या तिसातही आले नाही. कंट्री यादीत ते सातव्या क्रमांकावर थांबले. लोकांनी अल्बम घेतला तो बऱ्याच अंशी आधीच्या अल्बमच्या पुण्याईवर, हे अनुमान त्यामुळे बळावते.

नंतर

एकाच गाण्याचे दोन साज काढण्याची रीत पुढेही चालू राहिली. २००८ मध्ये टेलर स्विफ्ट यांच्या ‘लव्ह स्टोरी’ची पॉप रेडिओसाठी बँजोविना वेगळी आवृत्ती निघाली आणि कोणी फारशी भुवई उंचावली नाही. संपूर्ण अल्बम तीनदा सजवण्याचा खर्चिक खटाटोप मात्र मोठ्या कलावंतांत क्वचितच कोणी केला.

ट्वेन यांचा पुढचा स्टुडिओ अल्बम, ‘नाऊ’, तब्बल १५ वर्षांनी, २०१७ मध्ये आला. दरम्यान लँग यांच्याशी घटस्फोट झाला होता आणि गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगामुळे स्वरयंत्राच्या नसांना इजा पोचली होती. ‘नाऊ’च्या निर्मितीत लँग नव्हते आणि गाण्यांना एकच साज होता. हाही अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला. श्रोत्यांचा वाद या वेळी साथीवरून आवाजाकडे वळला: खाली उतरलेला, किंचित खरखरीत झालेला हा आवाज काहींना परका वाटला, तर ज्यांना आधीची गाणी फार चकचकीत वाटत होती त्यांतल्या काहींना तोच पहिल्यांदा जवळचा वाटला.