पार्श्वभूमी: ऑनलाइन बाजार आणि 2018 ची प्रेस नोट

ऑनलाइन विक्रीवरून दुकानदार आणि परकीय भांडवलाच्या कंपन्या यांच्यात चाललेल्या भांडणाचे मूळ गुंतवणुकीच्या नियमांत आहे. 2000 साली घाऊक ई-व्यापारात 100 टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा मिळाली. ग्राहकाला थेट माल विकण्यासाठी मात्र नाही. तेव्हा ऑनलाइन गिऱ्हाईकच नव्हते. 2002 मध्ये रेल्वेचे तिकीट ऑनलाइन निघू लागले, 2007 मध्ये बंगळूरहून पुस्तके घरपोच येऊ लागली आणि पुढे माल हातात पडल्यावर पैसे देण्याच्या सोयीमुळे कार्ड नसलेलेही खरेदी करू लागले.

2012 मध्ये बहुब्रँड दुकानांत 51 टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी मिळताच देशभर बंद पुकारला गेला. ऑनलाइन कंपन्यांनी निराळा रस्ता धरला: माल आपला नाही, आम्ही विक्रेत्यांना फक्त जागा देतो. मार्च 2016 मध्ये सरकारने ही रचना मान्य केली. एका विक्रेत्याची विक्री पोर्टलवरच्या एकूण विक्रीच्या 25 टक्क्यांवर जाऊ नये आणि पोर्टलने किमतींवर प्रभाव टाकू नये, या अटी होत्या.

प्रत्यक्षात काही बडे विक्रेते पोर्टल चालवणाऱ्या समूहाचेच भागीदार होते. समूहाच्या घाऊक कंपनीकडून माल घ्यायचा आणि पोर्टलवर सवलतीत काढायचा. मोबाइल विकणाऱ्या दुकानदाराला वितरकाकडून मिळणारा भाव सणासुदीच्या ऑनलाइन किमतीपेक्षा जास्त पडे. ग्राहकाला स्वस्त मिळाले हे खरे, पण ही बरोबरीची स्पर्धा नव्हती.

26 डिसेंबर 2018 ची प्रेस नोट, म्हणजे परकीय गुंतवणुकीचे नियम बदलणारे केंद्र सरकारचे पत्रक, यावरच होती. पोर्टलचा किंवा त्याच्या समूहातील कंपन्यांचा ज्यात भांडवली हिस्सा आहे, त्या विक्रेत्याला तिथे विक्रीस बंदी. एकाच पोर्टलवर विकण्याची सक्तीही बंद. अंमल 1 फेब्रुवारी 2019 पासून. त्या दिवसांत बराच माल पोर्टलवरून गायब झाला आणि थोड्याच काळात परतला. समूहातील कंपनी ठरण्याची मर्यादा 26 टक्के मताधिकाराची होती. एका बड्या विक्रेत्याच्या पालक कंपनीतला परकीय हिस्सा 49 वरून 24 टक्क्यांवर आणला गेला, की नियम पाळला गेला. मालकी मोजली, पकड पुरती मोजली नाही. या निर्णयाची खरी उणीव हीच.

 

2020 च्या टाळेबंदीनंतर दहा मिनिटांत किराणा पोचवणारी वस्तीतली छोटी गोदामे आली. आता मोबाइलवाल्यापाठोपाठ वाणी आणि त्याचा वितरकही अडचणीत आले आहेत. 2024 मध्ये वितरकांनी स्पर्धा नियामकाकडे तक्रार नेली. पुढच्याच वर्षी असा झटपट किराणा पोचवणाऱ्या एका कंपनीने परकीय मालकीवर 49.5 टक्क्यांची मर्यादा घालून घेतली, कारण भारतीय मालकीची ठरल्यास तिला स्वतःचा माल ठेवून विकता येतो.