साउथ ऑस्ट्रेलिया

साउथ ऑस्ट्रेलिया हे ऑस्ट्रेलियाच्या संघराज्यातील सहा राज्यांपैकी एक राज्य असून ते खंडाच्या दक्षिण-मध्य भागात वसले आहे. पश्चिमेस वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, उत्तरेस नॉर्दर्न टेरिटरी, ईशान्येस क्वीन्सलंड, पूर्वेस न्यू साउथ वेल्स व आग्नेयेस व्हिक्टोरिया अशा त्याच्या सीमा आहेत. मुख्य भूमीवरील सर्व राज्यांशी सीमा भिडलेले हे एकमेव राज्य होय. क्षेत्रफळ सुमारे ९,८३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक आहे. लोकसंख्या मात्र २०२१ च्या जनगणनेनुसार १७,८१,५१६ इतकीच होती आणि तिच्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक लोक ॲडलेड या राजधानीत व तिच्या उपनगरांत राहतात. ब्रिटिश कैद्यांची पाठवणी न करता, जमिनीची किंमत आणि मजुरांची भरती आधी ठरवून ही वसाहत स्थापन झाली. येथील पुढचा बराचसा इतिहास हा अशा आखीव योजनांचा आणि त्यांना न जुमानणाऱ्या कोरड्या भूमीचा इतिहास आहे.

भूमी आणि पाणी

राज्याचा उत्तरेकडील व पश्चिमेकडील बहुतेक भाग वाळवंटी किंवा निमवाळवंटी आहे. काटी थांडा–लेक एअर या विस्तीर्ण खाऱ्या सरोवराचा तळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली असून तो ऑस्ट्रेलियातील सर्वांत सखल भाग होय. क्वीन्सलंडमधील पुराचे पाणी शेकडो किलोमीटर वाहत आले, तरच ते भरते. एरवी तेथे मिठाचा पांढरा थर पसरलेला असतो. फ्लिंडर्स पर्वतरांगा उत्तर-दक्षिण पसरल्या असून त्यांच्या दक्षिणेस माउंट लॉफ्टी रांगांच्या आसऱ्याने पावसाळी हिवाळा व कोरडा उन्हाळा असणारा सुपीक पट्टा आहे. शेती आणि वस्ती मुख्यतः येथे व आग्नेय भागात एकवटली आहे.

मरी ही राज्यातील एकमेव मोठी नदी होय, आणि तीही शेजारच्या राज्यांतून वाहत शेवटच्या टप्प्यात येथे येते. वरच्या राज्यांनी किती पाणी उचलावे, यावर येथील बागा व नळ अवलंबून असल्याने १९१४–१५ च्या पाणीवाटप करारापासून हा राज्याच्या राजकारणातील कायमचा प्रश्न राहिला आहे. आजच्या व्यवस्थेनुसार सामान्य वर्षांत राज्याला १,८५० अब्ज लिटर पाण्याचा हक्क आहे. मरीकाठच्या मॉर्गनपासून व्हायालापर्यंतची जलवाहिनी १९४४ मध्ये पूर्ण झाली आणि तिच्यामुळेच स्पेन्सर आखाताच्या कोरड्या किनाऱ्यावर अवजड उद्योग उभे राहू शकले. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी पडलेल्या दीर्घ दुष्काळानंतर ॲडलेडजवळ समुद्राचे पाणी गोडे करणारा मोठा प्रकल्प बांधण्यात आला.

मूळ रहिवासी आणि वसाहतीची स्थापना

युरोपीय लोक येण्यापूर्वी हजारो वर्षे येथे अनेक आदिवासी समाज नांदत होते. ॲडलेडच्या मैदानात कौर्ना, मरीच्या मुखाकडील प्रदेशात नगारिंजेरी, फ्लिंडर्स रांगांत अद्न्यामथान्हा आणि वायव्येकडील वाळवंटात पिट्जान्ट्जाट्जारा हे त्यांतील काही प्रमुख समाज होत. १८०२ मध्ये इंग्रज नाविक मॅथ्यू फ्लिंडर्स आणि फ्रेंच नाविक निकोला बोदँ यांची या किनाऱ्याजवळ गाठ पडली. १८३० मध्ये चार्ल्स स्टर्ट नावेने मरीच्या प्रवाहातून थेट मुखाजवळच्या सरोवरापर्यंत पोहोचला, आणि त्याच्या वृत्तांतामुळे लंडनमध्ये या प्रदेशाविषयी कुतूहल वाढले.

वसाहतीमागची मूळ कल्पना एडवर्ड गिबन वेकफील्डची होती आणि ती त्याने लंडनच्या न्यूगेट तुरुंगात असताना मांडली होती. जमीन फुकट वाटली की मजूरही लगेच जमीनदार होतो आणि काम करायला कोणी उरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून जमीन पुरेशा किमतीला विकावी व त्या पैशातून मजूर कुटुंबांचा प्रवासखर्च भागवावा, अशी त्याची योजना होती. ब्रिटिश संसदेने १८३४ मध्ये त्यासाठी कायदा केला. २८ डिसेंबर १८३६ रोजी पहिला गव्हर्नर जॉन हाइंडमार्श याने आजच्या ग्लेनेल्गजवळ वसाहतीची घोषणा केली. महासर्वेक्षक विल्यम लाइट याने १८३७ मध्ये ॲडलेडची आखणी केली. चौकोनी रस्ते, मधोमध चौक आणि शहराभोवती मोकळ्या उद्यानभूमीचा पट्टा अशी ती रचना असून तो हिरवा पट्टा बऱ्याच अंशी आजही टिकून आहे. शहराच्या जागेवरून हाइंडमार्शने त्याच्याशी मोठा वाद घातला, पण लाइटचा निर्णय योग्य होता हे काळाने दाखवून दिले.

१८३६ च्या राजाज्ञापत्रात, आदिवासी ज्या भूमीवर प्रत्यक्ष राहतात वा जिचा उपभोग घेतात त्या भूमीवरील त्यांच्या हक्कांना या वसाहतीमुळे बाधा येऊ नये, असे स्पष्ट नमूद होते. ते पाळले गेले नाही. जमिनीचे तुकडे लंडनमध्येच विकले गेले होते आणि कौर्नांना विचारण्याचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. रोगराई व विस्थापन यांमुळे काही दशकांतच हा समाज विखुरला. शुरमान व टायकेलमान या जर्मन मिशनऱ्यांनी १८४० मध्ये कौर्ना भाषेचे व्याकरण व शब्दसंग्रह प्रसिद्ध केला होता. बोलणारे उरले नसतानाही ही भाषा आज पुन्हा शिकवली जाते ती मुख्यतः त्याच्या आधारे.

प्रशियातील धार्मिक जाचाला कंटाळलेले ल्यूथरपंथी जर्मन १८३८ पासून येथे येऊ लागले. त्यांनी हानडॉर्फ आणि बरोसा खोऱ्यातील गावे वसवली व द्राक्षमळे लावले. पहिल्या महायुद्धाच्या काळात मात्र त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले आणि अनेक जर्मन ग्रामनामे कायद्याने बदलण्यात आली.

तांबे, गहू आणि गॉयडरची रेषा

सुरुवातीचा भरमसाट खर्च आणि जमिनीची सट्टेबाजी यांमुळे १८४१ पर्यंत वसाहत दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली. तिला तारले ते तांब्याने. कपुंडा व बरा येथे १८४० च्या दशकात आणि मूंटा व वॉलरू येथे १८६० च्या सुमारास समृद्ध खाणी निघाल्या, आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील खाणकामगार मोठ्या संख्येने येथे स्थायिक झाले.

गव्हाच्या शेतीने जोर धरला आणि शेतकरी उत्तरेकडे सरकू लागले, तेव्हा १८६५ मध्ये महासर्वेक्षक जॉर्ज गॉयडर याने दुष्काळग्रस्त प्रदेशातून घोड्यावरून फिरून नकाशावर एक रेषा आखली. पर्जन्यमापनाच्या दीर्घकालीन नोंदी हाताशी नसताना त्याने वनस्पतींवरून पावसाचा अंदाज बांधला: खाऱ्या झुडपांचा प्रदेश सुरू होतो तेथून पुढे पेरणीचा भरवसा धरू नये, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे काही वर्षे चांगला पाऊस पडला. नांगरामागून पाऊस येतो, या तेव्हाच्या लोकप्रिय समजुतीवर विसंबून १८७० च्या दशकात रेषेपलीकडील जमिनीही शेतीसाठी खुल्या झाल्या. १८८० च्या दशकातील दुष्काळात ती शेते ओस पडली, आणि छप्पर उडालेली त्यांची दगडी घरे क्वॉर्नच्या परिसरात आजही दिसतात. गॉयडरची रेषा सुमारे ३०० मिलिमीटर वार्षिक पावसाच्या मर्यादेशी जुळते, हे आधुनिक मोजमापांनी सिद्ध केले आहे. सरकारी अधिकाऱ्याचा सल्ला डावलल्याची इतकी स्पष्ट किंमत इतिहासात क्वचितच नोंदली गेली असेल.

उत्तरेकडील वाहतूक उंटांवर चाले. टॉमस एल्डर याने १८६६ मध्ये कराचीहून उंट व उंटवाले आणले. सरसकट अफगाण म्हटल्या जाणाऱ्या या लोकांत बलुची, पठाण, सिंधी व पंजाबीही होते. त्यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस ॲडलेडमध्ये बांधलेली मशीद अद्याप वापरात आहे. चार्ल्स टॉड याच्या देखरेखीखाली ॲडलेड ते डार्विन ही तारवाहिनी १८७२ मध्ये पूर्ण झाली आणि ऑस्ट्रेलिया जावामार्गे भारत व युरोपशी जोडला गेला. नॉर्दर्न टेरिटरीचा कारभार १८६३ पासून १९११ पर्यंत याच वसाहतीकडे होता.

कायदे आणि राज्यकारभार

लहान असूनही या वसाहतीने कायद्याच्या क्षेत्रात जगाला दोन मोठ्या देणग्या दिल्या. पहिली जमिनीच्या मालकीविषयीची होय. इंग्लिश पद्धतीत विक्रेत्याचा हक्क सिद्ध करण्यासाठी जुन्या दस्तांची साखळी मागे मागे तपासावी लागे, आणि एखादा दस्त खोटा निघाला तर खरेदीदार बुडे. रॉबर्ट टॉरेन्स याच्या पुढाकाराने १८५८ मध्ये झालेल्या कायद्याने सरकारी नोंदवहीतील नोंद हीच मालकी ठरवली आणि तिची हमी शासनाने घेतली. ही पद्धत पुढे ऑस्ट्रेलियाभर, न्यूझीलंडमध्ये, कॅनडाच्या अनेक प्रांतांत व मलेशियात स्वीकारली गेली. सातबारा हा महसुली अभिलेख असून तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हे ज्यांनी जमिनीच्या दाव्यांत अनुभवले आहे, त्यांना या सुधारणेचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरी देणगी मताधिकाराची होय. १८५६ च्या राज्यघटनेने कनिष्ठ सभागृहासाठी सर्व प्रौढ पुरुषांना मत दिले व मतदान गुप्त ठेवले. मेरी ली, कॅथरीन हेलन स्पेन्स आदींच्या प्रदीर्घ चळवळीनंतर डिसेंबर १८९४ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला, आणि त्याचबरोबर संसदेची निवडणूक लढवण्याचाही. हा दुसरा हक्क देणारे हे जगातील पहिले विधिमंडळ ठरले. उमेदवारीचे कलम विधेयकात आले ते एका विरोधकामुळे. इतकी टोकाची तरतूद घातली की विधेयकच फेटाळले जाईल, असा त्याचा हिशेब होता. तो फसला, पण राज्याच्या संसदेत पहिल्या दोन स्त्रिया, जॉइस स्टील व जेसी कूपर, निवडून येण्यास १९५९ साल उजाडावे लागले. कायद्याच्या शब्दांनुसार आदिवासी स्त्री-पुरुषांनाही मत होते, मात्र १९०२ च्या संघराज्यीय कायद्याने त्यांच्यापैकी बहुतेकांना राष्ट्रीय निवडणुकांतून वगळले.

१९०१ मध्ये साउथ ऑस्ट्रेलिया संघराज्यात सामील झाले. राज्याचा औपचारिक प्रमुख गव्हर्नर असून प्रत्यक्ष सत्ता प्रीमियर व त्याचे मंत्रिमंडळ यांच्याकडे असते. विधिमंडळ द्विसदनी आहे. हाउस ऑफ असेंब्लीत ४७ सदस्य चार वर्षांसाठी, तर लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये २२ सदस्य आठ वर्षांसाठी निवडले जातात. संघीय सिनेटवर राज्याचे १२ सदस्य असतात.

विसाव्या शतकातील राजकारणावर दोन प्रीमियरांची छाप आहे. टॉमस प्लेफर्ड १९३८ ते १९६५ अशी सलग २६ वर्षे सत्तेवर होते. ते पक्के पुराणमतवादी होते, तरीही वीज कंपनी खाणीतला स्थानिक कोळसा वापरण्यास तयार होईना म्हणून १९४६ मध्ये त्यांनी तिचे सरकारीकरण केले. स्वस्त सरकारी घरे बांधून कामगारांचा राहणीखर्च कमी ठेवायचा आणि त्या बळावर कारखाने राज्यात ओढून आणायचे, ही त्यांची रीत होती. एलिझाबेथ हे नवे शहर १९५५ मध्ये याच धोरणातून उभे राहिले. त्यांच्या दीर्घ सत्तेला मतदारसंघांच्या विषम रचनेचाही मोठा हातभार लागला, कारण ३९ पैकी २६ जागा ग्रामीण भागाला दिलेल्या होत्या. १९६८ मध्ये लेबर पक्षाला निम्म्याहून अधिक मते मिळूनही सत्ता गमवावी लागली, तेव्हा ही रचना बदलणे अटळ झाले.

१९६७–६८ आणि १९७० ते १९७९ या काळात प्रीमियर असलेले लेबर पक्षाचे डॉन डन्स्टन यांनी राज्याचा चेहरामोहरा पालटला. पुरुषांमधील समलैंगिक संबंध गुन्ह्यांच्या यादीतून १९७५ मध्ये वगळणारे हे ऑस्ट्रेलियातील पहिले राज्य ठरले. रिकामी बाटली परत केल्यावर अनामत रक्कम देण्याची योजना १९७७ मध्ये सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. वायव्येकडील विस्तीर्ण प्रदेशाची मालकी पिट्जान्ट्जाट्जारा समाजाला देणारा १९८१ चा कायदा मात्र लिबरल सरकारने संमत केला, त्याची तयारी डन्स्टन यांच्या काळात झाली होती. २०२३ मध्ये आदिवासींना विधिमंडळापुढे आपले म्हणणे मांडण्यासाठी निर्वाचित मंडळ देण्याचा कायदा झाला.

या इतिहासाची एक काळी बाजू माराळिंगा येथे आहे. १९५३ मध्ये ईमू फील्ड येथे व १९५६–५७ मध्ये माराळिंगा येथे ब्रिटनने अणुस्फोटांच्या चाचण्या केल्या. तेथील आदिवासींना हटवण्यात आले, तरीही काहीजण दूषित भूमीवर वावरत राहिले. १९६३ पर्यंत चाललेल्या लहान चाचण्यांनी प्लुटोनियम जमिनीवर विखुरले. १९८४–८५ च्या शाही आयोगाने या बेपर्वाईवर कडक ठपका ठेवला; साफसफाई २००० पर्यंत चालली.

अर्थव्यवस्था

गहू, जव, लोकर व मांस ही निर्यातीची जुनी साधने आजही महत्त्वाची आहेत. ऑस्ट्रेलियातील जवळपास निम्मी वाइन या राज्यात तयार होते. बरोसा, मॅक्लारेन व्हेल, क्लेअर व कूनावारा ही तिची नामांकित क्षेत्रे होत. युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त करणारी फिलॉक्सेरा ही कीड कडक निर्बंधांमुळे येथे कधीच शिरली नाही, म्हणून १८४० च्या दशकात लावलेल्या काही वेली अजून फळ देतात. खाणींत ऑलिंपिक डॅम अग्रगण्य आहे. १९७५ मध्ये शोध लागलेल्या व १९८८ मध्ये सुरू झालेल्या या खाणीतून तांबे, सोने, चांदी व युरेनियम मिळते, आणि तिच्यातील युरेनियमचा साठा जगातील सर्वांत मोठा ज्ञात साठा आहे. कूबर पीडी येथे १९१५ पासून ओपल हे रत्न काढले जाते. उन्हाळ्याच्या दाहामुळे तेथील बरेच लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात.

प्लेफर्डकालीन कारखानदारीला १९७० नंतर उतरती कळा लागली. १९९१ मध्ये सरकारी स्टेट बँक बुडाल्याने राज्यावर कर्जाचा डोंगर झाला आणि पुढे वीज व्यवस्थेचे खासगीकरण झाले. २० ऑक्टोबर २०१७ रोजी एलिझाबेथ येथील होल्डनचा मोटार कारखाना बंद पडला व त्याबरोबर ऑस्ट्रेलियातील मोटारनिर्मितीही जवळपास संपली. संरक्षण उद्योगाने ही पोकळी काही अंशी भरून काढली: ऑस्बोर्न येथील गोदीत कॉलिन्स वर्गाच्या पाणबुड्या बांधल्या गेल्या असून अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांची बांधणीही तेथेच नियोजित आहे.

विजेच्या बाबतीत या राज्याने घेतलेली झेप विशेष लक्षणीय आहे. कोळशावरील शेवटचे केंद्र मे २०१६ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमधील वादळात मनोरे कोसळून संपूर्ण राज्य अंधारात गेले आणि पवनऊर्जेवर देशभर टीकेची झोड उठली. सरकारने माघार घेतली नाही. २०१७ च्या अखेरीस हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॅट क्षमतेची, त्या वेळची जगातील सर्वांत मोठी लिथियम बॅटरी उभी राहिली, आणि आता राज्यातील दोन तृतीयांशांहून अधिक वीज वारा व सूर्यप्रकाश यांपासून मिळते. व्हायाला येथील पोलाद कारखाना आर्थिक संकटात सापडल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने विशेष कायदा करून तो मालक कंपनीच्या ताब्यातून काढून प्रशासकांकडे सोपवला.