कोंबडीच्या पोटातली कामाची वाटणी

अख्खी कोंबडी घरी साफ करायला घेतली, की आतडी, कलेजी, पेटा हे सगळं हात घातल्याबरोबर बाहेर येतं. फुप्फुसं मात्र येत नाहीत. ती पाठीकडच्या बाजूला, फासळ्यांच्या मधल्या खाचांत रुतून बसलेली असतात आणि नखानं खरवडून काढावी लागतात. बकऱ्याचं तसं नसतं. त्याचं फुप्फुस मोठं, मऊ, छातीच्या पोकळीत सैल असतं आणि श्वासनळी धरून ओढलं की सगळं एकदम हातात येतं.

हा फरक किरकोळ वाटतो, पण पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या शरीररचनेतला बहुधा सगळ्यात मोठा फरक तिथेच आहे. रुतून बसलेलं फुप्फुस फुगणार कसं? उत्तर असं, की ते फुगतच नाही.

आधी आपल्या छातीत काय चालतं ते पाहू. माणसाच्या फुप्फुसात ३० ते ५० कोटी वायुकोश असतात, प्रत्येकाचा व्यास साधारण ०.२ मिलिमीटर. श्वास घेताना ते ताणले जातात, सोडताना आकसतात, आणि त्यांच्याच भिंतीतून ऑक्सिजन रक्तात शिरतो. म्हणजे हवेची ने-आण आणि वायूंची देवाणघेवाण, दोन्ही कामं एकाच ऊतीच्या गळ्यात. या दोन कामांचं आपसात पटत नाही. देवाणघेवाणीसाठी भिंत शक्य तितकी पातळ हवी. दिवसातून वीसेक हजार वेळा ताण सोसायचा तर ती चिवट हवी. देवाणघेवाणीसाठी कोश बारीक हवेत, कारण तेवढंच एकूण क्षेत्रफळ वाढतं. पण कोश जितका बारीक तितका तो पृष्ठताणामुळे मिटून जाण्याचा धोका अधिक. ते टाळायला कोशातल्या काही पेशी पृष्ठताण कमी करणारा एक स्राव सोडत राहतात. हा स्राव गर्भात साधारण ३४-३५ आठवड्यांनंतर पुरेसा तयार होतो, आणि म्हणूनच फार लवकर जन्मलेल्या बाळांना श्वास घ्यायला इतका त्रास होतो. शिवाय आपल्याकडे येण्या-जाण्याचा रस्ता एकच. शांत बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नळ्यांमध्येच राहते आणि उरलेली आत आधीच असलेल्या दोन-अडीच लिटर शिळ्या हवेत मिसळते. निव्वळ ताजी हवा आपल्या वायुकोशांना कधी मिळतच नाही.

पक्ष्यांमध्ये ही दोन कामं वेगळी झालेली आहेत. हवा ओढणं-ढकलणं हे काम पातळ पडद्याच्या वायुपिशव्यांकडे. बहुतेक पक्ष्यांत त्या नऊ असतात, मानेपासून पोटापर्यंत पसरलेल्या. लोहाराच्या भात्यासारखी त्यांची हालचाल, आणि त्यांत रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीतच. फुप्फुस त्या पिशव्यांच्या मधे बसतं. ते स्वतः हलत नाही, हवा त्याच्यातून वाहत जाते. पहिल्या श्वासात ताजी हवा मुख्यतः मागच्या पिशव्यांत जाते. श्वास सोडताना ती तिथून फुप्फुसात येते. दुसऱ्या श्वासात पुढच्या पिशव्यांत, आणि दुसऱ्यांदा सोडताना बाहेर. एका घोटाच्या प्रवासाला दोन श्वास लागतात, पण फुप्फुसातल्या मुख्य नळ्यांमधून हवा नेहमी एकाच दिशेनं जाते, पक्षी श्वास घेत असो वा सोडत असो. गंमत म्हणजे हे वळण देणारी कुठलीही झडप तिथे सापडत नाही. नळ्यांचे कोन आणि हवेचा वेग यांवरच सगळं भागतं.

न फुगणाऱ्या फुप्फुसाला ताण सोसायचा नसतो, म्हणून त्याची ऊती अतिशय बारीक असू शकते. पक्ष्यांच्या फुप्फुसातल्या वायुकेशिका, म्हणजे हवेच्या सूक्ष्म नळ्या, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद असतात. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा कोंबडीत माणसाच्या साधारण निम्म्या जाडीचा असतो, अनेक उडणाऱ्या पक्ष्यांत त्याहूनही पातळ. सस्तन प्राण्यांतला श्वासपटलाचा स्नायूही पक्ष्यांना नाही. छातीचं हाड वर-खाली होतं त्यावर पिशव्या चालतात. जखमी चिमणी उचलताना एवढं लक्षात ठेवावं: छातीभोवती मूठ घट्ट आवळली, तर चोच मोकळी असूनही ती गुदमरते.

या रचनेचा फायदा दाखवण्यासाठी पट्टकादंबाचं उदाहरण नेहमी देतात, आणि ते द्यायलाच हवं. हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर दिसणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस मंगोलिया आणि तिबेटच्या पठाराकडून हिमालय ओलांडून येतात. उपग्रहावरून माग ठेवलेल्या हंसांमध्ये ७,२९० मीटर उंचीची नोंद झाली आहे. बहुतेक प्रवास मात्र ६,००० मीटरच्या खाली होतो. त्यांचं हिमोग्लोबिनही थोडं बदललेलं आहे, ते ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं. उंचीचा खरा विक्रम एका आफ्रिकी गिधाडाच्या नावावर आहे. १९७३ साली आयव्हरी कोस्टवर सुमारे ११,३०० मीटर उंचीवर ते प्रवासी विमानाला धडकलं आणि सापडलेल्या पिसांवरून त्याची ओळख पटली.

यावरून हे फुप्फुस उडण्यासाठीच घडलं असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. २०१० साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या कॉलीन फार्मर यांनी दाखवून दिलं, की मगरींच्या कुळातल्या अ‍ॅलिगेटरच्या फुप्फुसातही हवा एकाच दिशेनं वाहते. अ‍ॅलिगेटर काही उडत नाही. म्हणजे एकेरी वाहतुकीची ही पद्धत पक्ष्यांहून खूप जुनी आहे. उलट बाजूनं वटवाघूळ पाहा. फुप्फुस अस्सल सस्तन घाटाचं, तेच फुगणारे कोश. फक्त ते मोठं आणि त्यातला पडदा फार पातळ. तेवढ्यावर ते रात्रभर उडतं.

वायुपिशव्यांच्या शाखा हाडांतही शिरतात. अठराव्या शतकात जॉन हंटर या शल्यविशारदानं पक्ष्याची श्वासनळी बांधली, पंखाच्या वरच्या हाडाला छेद दिला, आणि पक्षी त्या हाडातून श्वास घेत राहिला. प्रयोग क्रूर होता, पण निष्कर्ष पक्का. आता, पोकळ हाडांमुळे पक्ष्याचा सांगाडा हलका होतो हे शाळेत शिकलेलं वाक्य. त्यात एक मेख आहे. शरीराच्या वजनाच्या प्रमाणात पक्ष्यांचा सांगाडा सारख्या आकाराच्या सस्तन प्राण्यांहून फारसा हलका भरत नाही, कारण हाडाची ऊती जास्त घन असते.

कामाच्या वाटणीची सगळ्यात ओळखीची खूण ताटातच असते: छातीचं पांढरं मांस आणि तंगडीचं गडद मांस. कोंबडी दिवसभर चालते, म्हणून तंगडीत ऑक्सिजन साठवणारं लाल प्रथिन आणि मायटोकॉन्ड्रिया भरपूर. पंख ती क्वचित वापरते, मांजर अंगावर आलं की काही सेकंद. त्या क्षणाला लागणारे झटपट आकुंचन पावणारे, साखरेवर चालणारे आणि तितकेच लवकर दमणारे फिकट तंतू छातीत जवळजवळ निखळ असतात. आपल्या स्नायूंत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मिसळलेले सापडतात. पण कबूतर कापून पाहिलं (पाहायलाच हवं असं नाही) तर छाती गडद लाल निघते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले जे. सी. जॉर्ज आणि आर. एम. नाईक यांनी १९५८ साली कबुतराच्या छातीत दोन प्रकारचे तंतू दाखवले: अरुंद लाल तंतूंत चरबी, रुंद पांढऱ्या तंतूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर. लांब पल्ल्याचं उड्डाण चरबीवर चालतं हे समजायला त्या कामाची मोठी मदत झाली. तेव्हा ‘पक्ष्यांत सगळं वेगवेगळं’ हा नियम नाही. तो कल आहे.

पचनाचंही असंच. दात नाहीत, म्हणून चावण्याचं काम पेट्याकडे गेलं. पाचक रस सोडणारं जठर त्याच्या आधी, वेगळं. पेटा साफ करताना आतून जी पिवळट कडक साल सोलून टाकतात, ती त्याच्याच ग्रंथींनी तयार केलेलं अस्तर असतं. ते नसतं तर आतल्या खड्यांनी पेट्यालाच दळून काढलं असतं.

हाडातली वाटणी मात्र मला यापेक्षा विलक्षण वाटते. अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते कवच वीसेक तासांत, बरंचसं रात्री, म्हणजे कोंबडी काही खात नसताना तयार होतं. एवढं कॅल्शियम आणायचं कुठून? अंडी द्यायला लागण्याच्या आधी साधारण दोन आठवडे मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या पोकळीत एक वेगळीच अस्थिऊती तयार होऊ लागते. तिच्यावर शरीराचा भार नसतो, ती निव्वळ साठा असते. सस्तन प्राण्यांत असा वेगळा साठा नाही. बाळाला पाजणाऱ्या आईचं कॅल्शियम भार पेलणाऱ्या हाडांतूनच निघतं. हाडांची घनता ३ ते ५ टक्क्यांनी उतरू शकते आणि पाजणं थांबल्यावर भरून येते. कोंबडीचा साठाही अमर्याद नाही. वर्षाला ३०० अंडी देणाऱ्या पिंजऱ्यातल्या कोंबड्यांत भार पेलणारं हाड हळूहळू झिजतं आणि पाय-पंख सहज मोडतात. या ऊतीमुळे २००५ साली एक सुंदर गोष्ट कळली. मोंटानात सापडलेल्या टी. रेक्सच्या मांडीच्या हाडात मेरी श्वाइट्झर यांना अशीच ऊती दिसली. साडेसहा कोटी वर्षांहून जुना तो डायनोसॉर मादी होता आणि तिचे अंडी घालायचे दिवस होते.

ही वाटणी उत्सर्जनापाशी मोडते. लघवी, विष्ठा, अंडं, सगळ्यांना पक्ष्याकडे एकच दार, अवस्कर. मूत्रपिंडातही सरमिसळ: बहुतेक सूक्ष्मनलिका सरपटणाऱ्या प्राण्यांसारख्या आखूड, थोड्या आपल्यासारख्या वळसेदार.

पण त्याच दाराला वरच्या बाजूनं एक छोटी पिशवी लटकलेली असते, आणि कामाच्या वाटणीचा सगळ्यात मोठा लाभ माणसाला तिथून झाला. पादुआचे शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचं वर्णन केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापलं गेलं. तिचं काम काय, हे पुढची तीन शतकं कुणाला सांगता आलं नाही. ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक ही पिशवी काढून काय होतं ते पाहत होते, आणि विशेष काही होताना दिसत नव्हतं. त्यांचा सहकारी टिमथी चँग याला वर्गात प्रतिपिंडं तयार होतात कशी ते दाखवायला कोंबड्या हव्या होत्या. त्यानं ग्लिककडच्या उसन्या घेतल्या. जंतू टोचले, आणि पिशवी काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. हा निबंध एका नामांकित नियतकालिकानं नाकारला. १९५६ साली तो कुक्कुटविज्ञानाच्या नियतकालिकात आला, आणि रोगप्रतिकारशास्त्राच्या बहुतेक अभ्यासकांच्या नजरेतून काही वर्षं सुटला.

१९६५ साली मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवरच दाखवलं, की प्रतिकारशक्तीचे दोन वेगळे फाटे आहेत: एक मानेजवळच्या थायमस ग्रंथीतून निघतो, दुसरा या पिशवीतून. माणसाला ही पिशवी नाही. आपल्या बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी, अस्थिमज्जेत, लाल पेशी आणि बाकी सगळ्या रक्तपेशींच्या गर्दीत जन्मतात. नुसत्या माणसाच्या किंवा उंदराच्या शरीरात शोधत बसलो असतो, तर हे दोन फाटे सुटे करायला बराच वेळ लागला असता. ऑगडेन ब्रूटन या डॉक्टरांनी १९५२ साली नोंदवलेला, रक्तात प्रतिपिंडंच नसलेला आणि सतत आजारी पडणारा मुलगा या कोंबड्यांमुळे नीट समजला: त्याच्यात एकच फाटा तुटलेला होता.

महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांना ही पिशवी नावानं माहीत नसली, तरी तिचा रोग चांगलाच माहीत असतो. गंबोरोचा विषाणू नेमका तिथल्या कोवळ्या बी पेशींवर हल्ला करतो, बहुधा पिल्लू तीन ते सहा आठवड्यांचं असताना. त्यातून वाचलेल्या पिल्लांना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टोचूनही ती नीट लागू पडत नाही, कारण प्रतिपिंडं करणारं खातंच बंद पडलेलं असतं. म्हणून गंबोरोची लस आधीच, पिण्याच्या पाण्यातून देतात. आणि त्या वयाची पिल्लं शेडमध्ये मरायला लागली, की शवविच्छेदन करताना पशुवैद्य ही पिशवी सुजलेली आहे की आकसलेली, हे आवर्जून पाहतात.