खोका म्हणजे तोडलेलं झाड?

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: 'प्रत्येक पुठ्ठ्याच्या खोक्यामागे एक झाड तोडलेलं असतं.'

कागदाला लागतो तो तंतू. तो लाकडात असतो, तसा उसाच्या चिपाडात, गव्हाच्या काडात, तागातही असतो. लाकडाचा लगदा सर्रास वापरात आला तो १९व्या शतकात. त्याआधी युरोपात कागद चिंध्यांपासून व्हायचा. आपल्याकडच्या तपकिरी पुठ्ठ्यात तर बराचसा माल रद्दीचाच असतो.

मात्र चिपाडाचा तंतू सूचिपर्णी लाकडाच्या तंतूपेक्षा बराच आखूड. ताटल्या-वाट्यांना तो पुरतो. थरावर थर रचायच्या पेटीला ताकद हवी, म्हणून त्यात लांब तंतू मिसळतात. तेवढं लाकूड येतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पडताळायचंय? खोक्याचा तुकडा रात्रभर पाण्यात भिजवा आणि बोटांनी सोला. रद्दीचा असेल तर लगद्यात बहुधा शाईचे ठिपके, रंगीत कण दिसतात. पारदर्शक पापुद्रा सुटून आला तर ते प्लॅस्टिकचं अस्तर. तंतू कशाचाही असो, ते मातीत तसंच पडून राहतं. चिपाडाच्या डब्यांनाही कधी कधी असं अस्तर असतं, घेताना दुकानदाराला जरूर विचारा.