सायकलवरची अडीच माणसं

"कानस मारायला माझं काय जातंय? पण उद्या पुढचं चाक निखळलं तर माझ्याकडं यायचं नाही."

पेठेतले आमचे सायकलवाले काका हे म्हणाले तेव्हा त्यांच्या हातात माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या सायकलचा चिमटा होता. समोर पोत्यावर नुकतंच कुरिअरनं आलेलं, साध्या सायकलला विजेची करणारं किट पसरलेलं. आऱ्या घालून तयार असलेलं पुढचं चाक, त्याच्या मधोमध डब्याएवढी मोटार, कंट्रोलरची चपटी पेटी, वायरींचा गुंता आणि पाण्याच्या बाटलीसारखी दिसणारी बॅटरी. जाहिरातीत लिहिलं होतं, 'अर्ध्या तासात घरच्या घरी बसवा'. मोटारचा आस 12 मिलिमीटर जाड होता. दोन बाजूंनी तासून सपाट केल्यावर त्या अंगानं 10 मिलिमीटर. माझ्या चिमट्याची खाच जेमतेम 8. म्हणजे खाच दोन्हीकडून एकेक मिलिमीटर कानसायची, की बसलं चाक! काका नको म्हणत होते आणि मला वाटत होतं, म्हातारा उगाच घाबरतोय.

घरी येऊन कागदावर आकडेमोड केली, आणि मीच घाबरलो.

सायकल हे यंत्र माणसाच्या ताकदीच्या मापानं बेतलेलं आहे. तुमच्याआमच्यासारखा माणूस फार दम न लागता तासभर पेडल मारतो तेव्हा साधारण 75 ते 100 वॉट शक्ती देतो. शर्यतीतले कसलेले सायकलपटू तासभर 400 वॉटपर्यंत टिकतात, पण त्यांची गोष्ट वेगळी. माणूस आणि सायकल मिळून 90 किलो वजन धरलं, तर सपाट रस्त्यावर ताशी 15 किलोमीटरला 55-60 वॉट पुरतात. 20 ला शंभरेक लागतात आणि 25 ला 170. वेग दहानं वाढला तर शक्ती तिपटीनं वाढली. हा सगळा वाऱ्याचा प्रताप. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला रेटायला लागणारी शक्ती घनानं. चढाला मात्र वारा नाही, वजन आडवं येतं. 5 टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर, ताशी 12 किलोमीटरनं जायचं तरी 180 वॉट हवेत. ऑफिसला पोचेपर्यंत शर्ट का भिजतो, त्याचं उत्तर एवढंच.

किटवरच्या मोटारीवर लिहिलेलं असतं 250 वॉट. म्हणजे अडीच माणसं. ती आपल्या सायकलवर येऊन बसतात, दिसत नाहीत, आणि आपल्या जोडीनं पेडल मारतात. बाजारात बहुतेक चर्चा त्यांच्या पोटापाण्याची असते: बॅटरी किती, किती किलोमीटर जाते, चार्ज व्हायला किती वेळ. ही माणसं टेकतात कशावर, हे कोणी विचारत नाही. काकांनी नेमकं तेच विचारलं होतं.

कल्पना काही आजची नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ऑग्डन बोल्टन नावाच्या माणसानं 31 डिसेंबर 1895 ला विजेच्या सायकलचं पेटंट मिळवलं. त्याच्या चित्रात मोटार थेट मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे आऱ्या जिथं एकत्र येतात त्या मधल्या भागात, बसवलेली आहे आणि बॅटरी दांड्यांच्या मधल्या त्रिकोणात. आजच्या सायकलकडे बघा, मांडणी तीच! अडलं होतं ते बॅटरीपाशी. शिशाच्या बॅटरीत एका किलोमागे 30-40 वॉट-तास मावतात. आजच्या लिथियम-आयन सेलमध्ये दीडशे ते अडीचशे. हे लिथियमचे सेल सोनीनं 1991 मध्ये बाजारात आणले. त्यामागच्या संशोधनाला 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना.

दुसरी कल्पना जपानची. यामाहानं 1993 मध्ये आणलेल्या सायकलची मोटार स्वतःहून चालत नसे. तुम्ही पेडल माराल तर आणि तेवढीच ती मदत करी. ऐकायला हा कंजूषपणा वाटतो, पण विजेच्या सायकलला 'सायकल' ठेवलं ते यानंच. युरोपानं पुढे कायदा केला तो याच धर्तीवर: मोटार 250 वॉट, ताशी 25 किलोमीटरला मदत बंद. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही मर्यादा जवळपास त्याच आहेत. मोटारची अर्ध्या तासाची शक्ती 0.25 किलोवॉटच्या आत आणि वेग 25 च्या आत असेल तर ते मोटार वाहन धरलं जात नाही. नंबर नाही, लायसन्स नाही. अशी मॉडेलं तपासून मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आमच्या पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. दुकानातली सायकल अशा कुठल्यातरी संस्थेतून पास होऊन आलेली असते. घरी जोडलेल्या किटला मात्र तपासनीस एकच, तुमचा सायकलवाला.

त्या नियमातला 'अर्ध्या तासाची' हा शब्द गमतीचा आहे. मोटारचे वॉट म्हणजे तिची कमाल ताकद नव्हे. न तापता सलग अर्धा तास ती किती देऊ शकेल, याचा तो आकडा. घटकाभर तीच मोटार 400-500 वॉटही देते. म्हणून दोन किटांवर '250' लिहिलेलं असलं तरी एक चढावर सुसाट जातं आणि दुसरं धापा टाकतं. लेबल खोटं असतंच असं नाही (असतंही बऱ्याचदा), पण लेबल उष्णतेबद्दल बोलत असतं आणि आपण वाचतो ते ताकदीबद्दल.

बाजार कुठवर गेलाय? चीनच्या रस्त्यांवर विजेच्या दुचाक्या 30 कोटींहून जास्त आहेत. जर्मनीत 2023 मध्ये पहिल्यांदाच विजेच्या सायकली साध्या सायकलींपेक्षा जास्त खपल्या, 21 लाख विरुद्ध 19 लाख. आपल्याकडे लुधियानाच्या हीरोपासून पुण्याच्या ईमोटोरॅडपर्यंत कंपन्या उतरल्या आहेत. पण नव्या सायकलला तीस-चाळीस हजार मोजायचे तर माणूस म्हणतो, आणखी थोडे घालून जुनी स्कूटर घेईन. किटचा जन्म या हिशेबातून झाला. सायकल घरात धूळ खात पडलेलीच आहे, तिला जिवंत करायला दहा-पंधरा हजार पुरतात.

आता ती मोटार. चाळिशी ओलांडलेल्यांना सायकलचा डायनॅमो आठवत असेल. टायरला टेकवला की दिवा लागायचा आणि पेडल जड व्हायचं. चाक फिरवलं की वीज. तोच खेळ उलटा केला की झाली मोटार: वीज दिली की चाक. किटमधल्या मोटारीत आस फिरत नाही, आसाभोवतीचं कवच फिरतं आणि आऱ्या त्या कवचाला बांधलेल्या असतात. आत तारांची वेटोळी घट्ट बसवलेली आणि त्यांच्याभोवती चुंबकांचं कडं. कोणत्या क्षणी कोणत्या वेटोळ्यात वीज सोडायची हे कंट्रोलर ठरवतो. त्याला चुंबक कुठं आले ते सांगायला तीन चिमुकले हॉल सेन्सर असतात. बहुतेक किटांमध्ये मोटार चाकाच्या चार-पाच पट वेगानं फिरते आणि मधे नायलॉनच्या तीन दातेरी चकत्या तो वेग उतरवून जोर वाढवतात. मोटार बंद असताना चाक मोकळं फिरावं म्हणून फ्रीव्हीलसारखी एक कळही असते. या कळीमुळेच अशा मोटारीत ब्रेक दाबताना वीज परत मिळत नाही. उतारावर बॅटरी चार्ज होते असं कोणी सांगितलं, तर आधी मोटार कुठल्या जातीची ते विचारा.

पेडलपाशी एक प्लॅस्टिकची चकती बसते, तिच्यात आठ-बारा चुंबक. तुम्ही पेडल फिरवताय एवढंच तिला कळतं, किती जोरानं ते कळत नाही. त्यामुळे स्वस्त किटची सायकल सिग्नलला अर्धं पेडल फिरलं की उशिरानं जागी होते आणि एकदम ढकलते. जोर मोजणारा सेन्सर महाग असतो. तो असला की सायकल पायाचं ऐकते.

तर ही अडीच माणसं टेकतात कशावर? मोटार चाकाला पुढे पिळते तेव्हा आसाला तितक्याच जोरानं मागे पिळते. न्यूटनचा तिसरा नियम. साध्या सायकलचा आस फक्त वजन पेलतो, त्याला पीळ बसतच नाही, म्हणून नट घट्ट केले की विषय संपतो. मोटारचा पीळ 40 न्यूटन-मीटर धरा. तो आसाच्या 10 मिलिमीटर रुंद सपाट बाजूंनी खाचेच्या कडांवर पेलायचा. भागाकार केला की 4000 न्यूटन येतात, म्हणजे 400 किलो वजनाचा रेटा, दोन्हीकडच्या खाचांत मिळून. आणि तोही एकदाच नव्हे, दर सिग्नलला.

माझ्या चिमट्याची पत्र्याची खाच आधीच बारीक, ती कानसून आणखी पातळ करायची, मग त्यावर 400 किलो. आस खाचेत फिरला तर त्याच्या पोकळीतून बाहेर येणारी वायर पिळवटून तुटते. नट ढिले होऊन चाकच खाली उतरलं, तर स्वार तोंडावर. अॅल्युमिनियमच्या चिमट्याला पुढची मोटार बसवणं तर त्याहून वाईट. स्टील वाकून सूचना देतं, अॅल्युमिनियम न सांगता मोडतं. मागच्या खाचा जाड असतात, शिवाय तिथं काही झालं तरी हँडल हातात राहतं.

दुसरा प्रश्न थांबण्याचा. ताशी 12 नं चालणारी सायकल 25 नं पळायला लागली की तिची गतिज ऊर्जा सव्वाचार पट होते. ती सगळी ब्रेकच्या दोन रबरी गुटक्यांनी शोषायची. जुन्या सायकलींच्या स्टीलच्या चकचकीत रिंगा पावसात ओल्या झाल्या की गुटके नुसते घसरतात, हे शाळेच्या वाटेवर आपण सगळ्यांनी अनुभवलंय. म्हणून किटसोबत येणाऱ्या ब्रेकच्या मुठी जरूर लावाव्यात. त्यांच्यात छोटं बटण असतं, ब्रेक दाबला की मोटारची वीज तुटते. बरेच जण 'जुन्याच ठीक आहेत' म्हणून त्या डब्यात ठेवून देतात. मग ब्रेक एकीकडे ओढतो आणि मोटार दुसरीकडे.

बॅटरीचा हिशेब त्या मानानं सोपा. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तास म्हणजे 360 वॉट-तास. घरातला 75 वॉटचा पंखा यावर पावणेपाच तास चालेल. पायानं थोडी साथ दिली तर किलोमीटरला 8 ते 12 वॉट-तास जातात, म्हणजे तीस-चाळीस किलोमीटर आरामात. चार्जिंगला अर्धं युनिटही लागत नाही, चार रुपयांच्या आसपास. चढाचा हिशेब वेगळा. 90 किलो वजन शंभर मीटर उंच न्यायला 25 वॉट-तास. सिंहगडाला पायथ्यापासून साधारण 600 मीटर चढायचं, तर नुसत्या उंचीचे 150, मोटारीतली गळती धरून 200. अर्ध्याहून जास्त बॅटरी नऊ-दहा किलोमीटरच्या घाटात. आणि त्या घाटात मोटार सावकाश फिरते, तेव्हा विजेतला मोठा वाटा चाकाऐवजी उष्णतेत जातो. वर पोचून मोटारीला हात लावून बघा, चटकन काढून घ्याल.

बॅटरीच्या निळ्या प्लॅस्टिकखाली बोटाएवढे दंडगोल सेल असतात, 18 मिलिमीटर जाड, 65 उंच, बहुधा चाळीस. दहा-दहाच्या चार रांगा. सगळे सेल सारखे भरताहेत की नाही, हे एक छोटं सर्किट बघतं. ते फालतू निघालं किंवा चार्जर चुकला तर गडबड. 36 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरते 42 व्होल्टला, 48 ची भरते 54.6 ला. पिना सारख्या दिसतात म्हणून एकाचा चार्जर दुसऱ्याला लावणं हा या धंद्यातला सर्वांत महागडा निष्काळजीपणा. न्यूयॉर्कमध्ये 2023 या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांमुळे 268 आगी लागल्या आणि 18 माणसं गेली. त्याच सप्टेंबरपासून तिथं प्रमाणपत्र नसलेल्या विजेच्या सायकली विकायला बंदी आली. आपल्याकडे सायकल ठेवायची आणि चार्जिंगला लावायची जागा कुठली? जिन्याखालची. आग लागली तर सगळ्या मजल्यांची उतरायची वाट तीच.

पावसाचं म्हणाल तर मोटार सहसा बुडत नाही, पाणी वायरीवरून ओघळत आत शिरतं. मोटारीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब झोळावरून गळून जातो. एवढी साधी गोष्ट, पण किटच्या पुस्तिकेत नव्हती.

'मोटार लावली म्हणजे व्यायाम संपला' असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडेवारी. युरोपातल्या सात शहरांमधल्या दहा हजारांहून अधिक लोकांची पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. विजेच्या सायकलवाल्यांची शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली, कारण ते जास्त लांब जात होते. पेडल न मारता फक्त अंगठ्यानं थ्रॉटल, म्हणजे वेगाची कळ, दाबून फिरणाऱ्यांनी हा आकडा आपल्या खात्यात धरू नये.

माझ्या किटचं पुढे काय झालं? विक्रेत्यानं वरचे पैसे घेऊन मागच्या चाकाचं किट बदलून दिलं. मुलीची गिअरची स्टीलची सायकल गॅलरीत पडून होती, तिच्यात ते बसलं, खाचेला कानस न लावता. तरी काकांचं समाधान होईना. त्यांनी भंगारातून एक जुना पाना काढला, त्याचा दांडा निम्म्यात कापला आणि पाना आसावर चढवून दुसरं टोक मागच्या दांडीला क्लॅम्पनं आवळलं. आता आस फिरायला गेला तर पीळ इंचभर खाचेवर न येता पाच इंच लांबच्या दांडीवर येतो. इंटरनेटवर याला टॉर्क आर्म म्हणतात आणि त्याचे पाचशे-सातशे घेतात. काकांनी पन्नास घेतले. पान्यावर कोरलेला 10 हा आकडा अजून वाचता येतो.