तापवायचं ते फक्त गाठीला

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांवर गेला तरी आपल्या पेशी मरत नाहीत. घाम आणि रक्ताभिसरण आतलं तापमान ३७च्या आसपास धरून ठेवतात. पण खुद्द पेशीच ४३ अंशांवर तासभर राहिली, तर तिच्यातली प्रथिनं बिघडतात. ५०च्या पुढे ती काही मिनिटांतच मरते. कर्करोगाची गाठ इथे अधिकच कच्ची. तिच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असल्यानं आत साठलेली उष्णता नीट वाहून जात नाही.

म्हणजे तापवणं सोपं. शेजारच्या निरोगी पेशींना धक्का न लावता तापवणं अवघड.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नाओमी हलास आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटानं २००३ मध्ये त्यावर एक वाट दाखवली: सिलिकाचा सूक्ष्म गोळा, वर सोन्याचा मुलामा. असा कण साधारण १५० नॅनोमीटरचा. रक्तातली तांबडी पेशी त्याच्या पन्नासेक पट रुंद. गंमत मुलाम्यात आहे. त्याची जाडी बदलली की कण कोणता प्रकाश शोषणार तेही बदलतं. ती अशी जुळवतात की ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषला जावा. हा प्रकाश हिमोग्लोबिन आणि पाणी फारसा अडवत नाहीत, त्यामुळे तो थोडा खोल शिरतो. कणावर पडताच सोन्यातले इलेक्ट्रॉन एकदम हिंदकळतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन भोवती पसरते. लेसर बंद केला की तापणंही थांबतं. (सुवर्णभस्म खाऊन हेच साधेल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.)

प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या १६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. कण शिरेतून दिले, दुसऱ्या दिवशी लेसरचा बारीक तंतू थेट ग्रंथीत घातला. १५ जणांचे उपचार पूर्ण झाले. आशादायक आहे, पण अजून चाचणीच. शिवाय शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी बहुतेक यकृत आणि प्लीहा गिळतात. गाठीपर्यंत सहसा एक टक्काही पोचत नाहीत. आजार अंगभर पसरला असेल तर लेसर कुठे कुठे मारणार?

आपल्या जिल्ह्यात बार्शीला १९८७पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, देशातली अशी पहिलीच. तिथे बायकांमध्ये अनेक वर्षं गर्भाशयमुखाचा कर्करोग आघाडीवर राहिला. या अवयवापर्यंत उपकरण सहज पोचतं, आणि तिथल्या कर्करोगपूर्व बदलांवर उष्णतेचा उपचार आजही होतो, तोही नॅनोकणांशिवाय: सुमारे १०० अंशांना तापलेलं टोक २०-३० सेकंद टेकवायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची शिफारस केली. हे यंत्र हातात मावतं, बॅटरीवर चालतं आणि गावातल्या शिबिरात नेता येतं.